रजिस्टरातली संस्था दारावर सापडते का?

नमस्कार मंडळी! आज सामाजिक संस्थांच्या मॅपिंगबद्दल बोलूया, म्हणजे कुठली संस्था कुठे आहे आणि नक्की काय करते याची नोंद. देशात अशा संस्था किती हे सरकारच्या सांख्यिकी खात्यानं एकदा मोजायला घेतलं, २००८ पर्यंतची रजिस्टरं चाळली तर आकडा निघाला ३१ लाखांच्या वर, मग त्यातल्या साधारण २२ लाख संस्थांच्या पत्त्यावर माणसं गेली आणि सापडल्या किती, तर जेमतेम सात लाख!

आता बाकीच्या सगळ्या बोगस होत्या असं लगेच म्हणू नका. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली एकदा नाव लागलं की काम थांबलं तरी ते सहसा निघत नाही, पत्ता बहुतेक वेळा अध्यक्षांच्या घरचा, ते घर बदलतात आणि संस्था हरवते. आपल्या महाराष्ट्रात वर १९५० चा ट्रस्ट कायदा, त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे देवस्थान, वाचनालय, शाळा, हॉस्पिटल सगळं एकाच छताखाली. त्या यादीवरून वृद्धाश्रम शोधून बघा बरं!

आणि उलटंही आहे. वस्तीत बायका एकत्र येऊन आजारी माणसाला डबा पोचवतात, त्यांची कुठेच नोंद नाही. लेस्टर सॅलमन या अमेरिकन संशोधकानं बऱ्याच देशांतल्या संस्थांची तुलना केली, तेव्हा पाच कसोट्या ठेवल्या: थोडीफार बांधणी हवी, सरकारपासून वेगळी, नफा वाटून न घेणारी, स्वतःचा कारभार स्वतः करणारी आणि लोक मर्जीनं येतात अशी. सरकारी नोंदणी हवीच असं त्यात नाही, आणि मला हे फार पटतं.

म्हणून कॉलेजच्या पोरांनो, प्रोजेक्ट करताना नुसती यादी डाउनलोड करू नका, दारावर जा. व्यसनमुक्ती केंद्र असेल तर विचारा, पैसे किती घेता, बाईमाणसाला घेता का, कागद काय लागतात, रात्री फोन कोण उचलतं. माहिती कुठल्या तारखेला तपासली तेही लिहा, कारण वर्षभरात फोन नंबर बदलतात आणि गरजू माणूस जुन्या पत्त्यावर रिक्षाचे पैसे घालवून पोचतो.

फक्त एक काळजी घ्या, मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या निवाऱ्याचं ठिकाण नकाशावर अजिबात टाकू नका, तिथे १८१ हा हेल्पलाइन नंबर द्या आणि कुठला तालुका एवढंच लिहा.