तंबोऱ्याची जवारी आणि स्पीकरचा सांधा

आत्ता दोन मिनिटं तुम्ही जो तंबोरा ऐकलात तो काळी एकच्या पट्टीतला. त्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, जोडीच्या तारा त्याच्या दुप्पट. पण जवारी, म्हणजे घोडीवर सुताने साधलेला तारेचा झंकार, नीट लागली की त्याच तारेतून निघणारे वरचे स्वर दोन-तीन हजार हर्ट्झच्याही पलीकडे चढत जातात. घरी स्पीकर बांधणाऱ्याने वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग) आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) निवडताना आधी या वरच्या भागाकडे बघावं, एवढंच मला आज सांगायचं आहे. दुकानात उभे राहिलो की आपण नेमकं उलटं करतो. वूफर केवढा, वॉट किती, मॅग्नेट किती जड, हेच विचारतो.

माझी पहिली जोडी अशीच झाली. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन ८ इंची वूफर आणला, सोबत एक साधा १ इंची ट्वीटर. दुकानदाराने मी मागितलं तेच दिलं. पेटी स्वतः कापली, क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, २५०० हर्ट्झला लावला. समोर बसलं की आवाज भरलेला यायचा. पण पाणी प्यायला उठलो आणि दोन पावलं बाजूला सरकलो की तंबोऱ्यातली जवारीच नाहीशी व्हायची, नुसती तार वाजत राहायची. कितीतरी दिवस मी कपॅसिटर बदलत बसलो. दोष तिथे नव्हताच.

हिशोब सोपा आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेचौदा सेंटिमीटर. आठ इंची वूफरचा प्रत्यक्ष हलणारा कोन, म्हणजे समोरचा शंकूसारखा पडदा, सोळा-सतरा सेंटिमीटरचा असतो. लहर कोनापेक्षा आखूड झाली की आवाज पसरत नाही, बॅटरीच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. ट्वीटर मात्र त्याच ठिकाणी सगळीकडे पसरून वाजतो. मग बाजूला बसलेल्याला दोघांमधला सांधा उघडा पडलेला ऐकू येतो.

आता ट्वीटरची बाजू बघा. त्याची स्वतःची कंप्रता, डेटाशीटवर जिला एफएस म्हणतात, ती माझ्या ट्वीटरची १४०० हर्ट्झ होती. तिच्या दुपटीच्या खाली ट्वीटरला सहसा उतरवू नये, नाहीतर तो ओरडतो आणि मोठ्या आवाजात जळूही शकतो. म्हणजे ट्वीटर २८०० पासून वर कामाचा आणि वूफरला खरं तर दीड हजारालाच सोडायला हवं होतं. मधलं जवळजवळ अख्खं सप्तक बेवारस. वूफर चांगला होता, ट्वीटरही वाईट नव्हता, त्यांची गाठच पडत नव्हती.

म्हणून साडेसहा इंची किंवा त्याहून लहान वूफर घ्या आणि ७०० ते ९०० एफएस असलेला ट्वीटर शोधा. दोन हजाराच्या आसपास दोघेही आरामात असतात. डेटाशीटवर समोरून घेतलेला आलेख सगळेच छापतात; बाजूने, ३० आणि ६० अंशांवरून घेतलेल्या रेघा बघा, त्या जिथे एकमेकींपासून फाटायला लागतात तिथे वूफरची हद्द संपली. ॲल्युमिनियमच्या कोनाला वर कुठेतरी, बहुतेक पाच ते आठ हजारांत, उंच सुळका असतो. तो क्रॉसओव्हरमध्ये दाबायची तयारी नसेल तर पहिल्या वेळी कागदी कोनच बरा.

बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर केला. केईएफ कंपनीचा पाच इंची बी११० वूफर, टी२७ ट्वीटर आणि जेमतेम पाच लिटरची बंद पेटी. खर्ज बेताचाच. पण माणसाचा आवाज त्यावर इतका खरा येतो की आजही लोक तो जपून ठेवतात. त्या वूफर-ट्वीटरला सांभाळायला क्रॉसओव्हर मात्र बराच गुंतागुंतीचा करावा लागला होता.

लहान वूफरवर खर्ज कमी पडेल अशी भीती वाटते ना? थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांनी दिलेल्या, डेटाशीटवर छापलेल्या आकड्यांवरून ती जाते. समजा वूफरचा एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस (कोनाची हालचाल किती आवरलेली आहे तो आकडा) ०.४ आणि व्हीएएस (कोनाच्या लवचीकपणाइतकीच लवचीक असलेली हवा) २५ लिटर आहे. तो १२ लिटरच्या बंद पेटीत घातला तर ७० हर्ट्झपर्यंत नीट जातो, म्हणजे आपल्या खर्जाच्या तारेपर्यंत, आणि त्याखाली हळूहळू उतरतो. त्यालाच २४ लिटरची पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी नळी असलेली, पेटी दिली तर ४० च्या जवळ पोहोचतो, पण नंतर कडा तुटल्यासारखा कोसळतो. फ्लॅटच्या दिवाणखान्यात, भिंतीलगत ठेवायचा असेल तर मी बंद पेटीच करतो.

आणखी एक. ट्वीटरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटला तो किती मोठ्याने वाजतो ते, वूफरपेक्षा दोन-चार डेसिबल जास्त असू द्या. जास्तीचा ट्वीटर रेझिस्टरने खाली आणता येतो, मंद वूफरला वर ओढायला रेझिस्टर उपयोगी पडत नाही.

आता माझी ती जुनी जोडी पुन्हा लावतो, तंबोरा तोच. डावीकडच्या दोन रांगांनी कृपया उठून भिंतीपाशी उभं राहा, बाकीच्यांनी जागेवरच बसा. मग दुसरी जोडी लावतो. कोणत्या जोडीवर जवारी भिंतीपर्यंत आली, ते हात वर करून सांगा.