ट्रॅक-डेचे टायर: पकड किती, आणि किती वेळ

नमस्कार. ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी रेसट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, गाडी नेण्याची तयारी करणारा माणूस टायरबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो हा, की सगळ्यांत जास्त पकड कुठल्या टायरला? माझं म्हणणं असं की त्याआधी दोन प्रश्न विचारा. तापल्यावर हा टायर किती फेऱ्या टिकतो? आणि पकड सुटायच्या आधी तो मला सांगतो का? या दोन प्रश्नांची उत्तरं हाती असली की कंपनी आणि मॉडेल निवडणं फार सोपं होतं.

रस्त्यावर गाडी कितीही जोरात चालवली तरी ब्रेक आणि वळणं अधूनमधून येतात, मधल्या वेळात रबर निवतं. ट्रॅकवर एका सत्रात पंधरा-वीस मिनिटं त्याला उसंतच नसते. ब्रेक, वळण, पूर्ण ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक. दर वेळी रबर दबतं, मुरडतं, परत मूळ आकाराला येतं, आणि यात वाया जाणारी ऊर्जा उष्णता होऊन रबरातच साचते. त्यात चारही टायरवर सारखा भार नसतो. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावीकडचे टायर जास्त राबतात. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढचा डावा टायर वळतोही, ओढतोही आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलतो. टायर निवडताना याच एका टायरचा विचार करा. बाकीचे तिघे निभावून नेतात.

कोऱ्या टायरची नक्षी ७-८ मिलिमीटर खोल असते. इतके उंच ठोकळे वळणात आडवे लवतात, आतून तापतात आणि त्यांच्या कडांचे तुकडे उडायला लागतात. म्हणून साधा रस्त्याचा टायर अगदी नवा असताना ट्रॅकवर लवकर खराब होतो, आणि तोच ४ मिलिमीटरपर्यंत झिजला की कोरड्या ट्रॅकवर जास्त घट्ट आणि सरळ वागतो. स्पर्धेसाठी काही जण नवे टायर मुद्दाम तासून घेतात ते याचसाठी. पण पाऊस आला तर हाच उथळ टायर पाण्यावर तरंगायला लागतो, हे ध्यानात ठेवा.

आता प्रकार. टायरच्या बाजूला ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो. ही अमेरिकेतली पद्धत. ठरावीक रस्त्यावर ७,२०० मैल ताफ्यात गाड्या चालवून, एका संदर्भ टायरच्या तुलनेत झीज मोजतात. संदर्भ टायरचे १०० धरले, तर २०० म्हणजे त्या चाचणीत दुप्पट टिकणारा. हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते आणि चाचणीपेक्षा कमी लावायला तिला मोकळीक आहे. तिथल्या बऱ्याच हौशी स्पर्धांनी किमान २०० ची अट घातली, आणि बाजारात ‘२००’ छापलेल्या टायरची गर्दी झाली. त्यातले काही खरोखर बराच काळ चालतात, काही मोजक्या ट्रॅक-डेंत संपतात. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला हा आकडा चालेल. दोन कंपन्यांमध्ये त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

पहिल्या काही ट्रॅक-डेंसाठी चांगला उन्हाळी (म्हणजे बर्फाळ हिवाळ्यासाठी नसलेला) रस्त्याचा टायर घ्यावा, मिशलिन पायलट स्पोर्ट ४एसच्या जातीचा, ज्याचा आकडा ३०० आहे. तो मर्यादेपाशी आला की आधी कुरकुरतो, मग किंचाळतो, मग सावकाश घसरतो. नवशिक्या हातांना हे बोलणं मोलाचं आहे. त्यावरची पायरी २०० च्या गटाची. तिथे योकोहामाचा ए०५२ आणि हँकूकचा आरएस४ ही दोन टोकं समजून घ्या. ए०५२ पटकन तापतो, एकदोन फेऱ्यांत भन्नाट पकड देतो, आणि सलग चालवला की चिकट होऊन पकड सोडतो. आरएस४ ला तापायला वेळ लागतो, त्याची सर्वोत्तम फेरी थोडी संथ असते, पण सत्राच्या शेवटच्या फेरीलाही तो जवळपास तसाच असतो. घड्याळाविरुद्ध एकच फेरी मारायची असेल तर पहिला, वीस मिनिटं शिकायचं असेल तर दुसरा. ट्रॅक-डेला येणाऱ्या बहुतेकांना दुसराच लागतो.

त्याच्या वरचे टायर म्हणजे अर्ध-स्लिक, टोयोचा आर८८८आर किंवा नानकँगचा एआर-१ अशा जातीचे. नक्षी कमी, रबर मऊ, बाजू कडक. पकड खूप, पण आवाज जवळजवळ नाही, आणि सुटतात ते पटकन. प्रत्येक तापण्या-निवण्याच्या चक्रात हे रबर थोडं कडक होतं, त्यामुळे नक्षी शिल्लक असूनही पकड गेलेली असते. निव्वळ गुळगुळीत स्लिक रस्त्यावर चालत नाहीत, म्हणजे ते ट्रॅकवर नेऊन बसवण्याची सोय हवी. उलट बाजूला, पंक्चर होऊनही चालणारे रन-फ्लॅट टायर ट्रॅकसाठी घेऊ नका. जड असतात आणि त्यांच्या जाड बाजू उष्णता धरून ठेवतात.

मापाबद्दल सगळे रुंदीच्या मागे लागतात, पण रिमची रुंदी आधी बघा. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की बाजू फुगते, वळणात टायर रिमवर लोळतो आणि स्टिअरिंग उशिरा उत्तर देतं. ८ इंची रिमवर २२५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताठ बसतो, आणि तिथे तो फुगलेल्या २४५ पेक्षा बरेचदा सुखाचा पडतो. उंचीचाही हिशेब करा. मापात पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४ मिलिमीटर, २४५/४० आर१७ चा ६२८. फरक एक टक्का, चालून जातो. पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासातलं प्रमाण कंपनीने ठेवलंय त्यापेक्षा बिघडलं, तर एबीएस आणि फोर-व्हील ड्राइव्ह गोंधळतात. भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. वेगाचं अक्षरही तपासा: व्ही २४० किलोमीटर ताशी, डब्ल्यू २७०, वाय ३००.

आता हवा. टायरवर कितीही खर्च करा, हवा चुकली की तो वाया. गाडीच्या दारावर लिहिलेला दाब थंड टायरचा आणि रस्त्यासाठीचा आहे. ट्रॅकवर आपल्याला हवा असतो तापलेल्या टायरचा दाब. एक उदाहरण घेऊ. सकाळी २५ अंश तापमानात टायरमध्ये २६ पीएसआय हवा आहे. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवा, ४०.७ झाले. आतली हवा ८५ अंशांवर गेली. केल्विनमध्ये २९८ वरून ३५८. त्याच प्रमाणात दाब ४८.९ होतो, वातावरणाचे वजा केले की मीटर ३४ दाखवतं. म्हणजे आठ पीएसआय नुसत्या उष्णतेने वाढले. आता कोणी दारावरचे ३४ भरून ट्रॅकवर गेला तर सत्रानंतर त्याच्या टायरमध्ये ४४ च्या आसपास हवा असेल. टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा आकसतो, गाडी घसरते, आणि चालक टायरला दोष देतो.

बहुतेक मध्यम वजनाच्या गाड्यांवर रस्त्याच्या जातीच्या टायरला तापल्यावर ३२ ते ३६ पीएसआय हे सुरुवातीचं लक्ष्य ठेवा. टायर कंपनीने ट्रॅकसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. पद्धत अशी. थंड टायरमध्ये लक्ष्यापेक्षा सहा-सात पीएसआय कमी हवा भरा. पहिल्या दोन फेऱ्या सांभाळून चालवा, कारण कमी हवेच्या थंड टायरला जोर लावला तर बाजूंवर ताण येतो. सत्र संपल्यावर गाडी उभी राहते ना राहते तोच चारही टायर मोजा आणि वहीत लिहा. दहा मिनिटांनी मोजलेला आकडा निरुपयोगी. जो टायर लक्ष्याच्या वर आहे त्यातून तेवढीच हवा सोडा. चारही टायर वेगवेगळे निघतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुपारी ट्रॅक तापला की पुन्हा मोजा: दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय फरक पडतो.

हवा बरोबर आहे का हे टायरच सांगतो. बाहेरच्या कडेवर खडूने एक आडवी रेघ ओढा, नक्षीपासून खाली बाजूपर्यंत. सत्रानंतर बघा खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. बऱ्याच टायरवर कडेला छोटा त्रिकोण कोरलेला असतो, त्याच्या आसपास रेघ संपली तर ठीक. त्याच्या खाली, बाजूवर गेली तर टायर लोळतोय. दुसरं साधन म्हणजे सुई टोचून तापमान मोजणारं मीटर. रबरात दोन-तीन मिलिमीटर सुई घालायची आणि आतली कड, मध्य, बाहेरची कड अशी तीन ठिकाणं मोजायची. नुसत्या लेझरच्या बंदुकीवर विसंबू नका, पृष्ठभाग पिटपर्यंत, म्हणजे ट्रॅकबाजूच्या थांब्यापर्यंत, येता येता निवलेला असतो. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम, तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मध्य थंड, तर हवा कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंश गरम असणं ठीकच. बाहेरची कड सगळ्यांत गरम असेल तर हवा वाढवून फायदा नाही, कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या टोकाचा आतल्या बाजूचा कल, कमी पडतोय.

बहुतेक घरगुती गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचं सस्पेन्शन असतं. वळणात गाडी कलली की चाकही बाहेर कलतं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. अशा गाडीत आतलं सत्तर टक्के रबर शाबूत असताना बाहेरची कड तारेपर्यंत घासलेली दिसते. उणे दोन ते तीन अंश कॅम्बर दिला की तेच टायर कितीतरी जास्त दिवस चालतात. जमत नसेल आणि टायरला फिरण्याची दिशा किंवा आत-बाहेर ठरलेली नसेल, तर तो रिमवरून काढून उलटा चढवा.

झिजलेलं रबर वाचायला शिका. पृष्ठभागावर बारीक लाटांसारख्या सुरकुत्या म्हणजे टायर नीट तापण्याआधीच घसरलाय. फोड किंवा खड्डे म्हणजे रबर आतून उकळलंय. कडेचे तुकडे उडालेत म्हणजे नक्षी खोल किंवा वेग टायरच्या कुवतीबाहेरचा. सत्राच्या शेवटच्या फेरीत गाड्यांच्या नेहमीच्या रेषेबाहेर गेल्यावर टायरला चिकटणाऱ्या रबराच्या गोळ्या मात्र दोष नाहीत, पुढच्या सत्रात झडतात.

जास्त पकडीचा भार बाकीच्या गाडीलाही सोसावा लागतो. लांब वळणात इंजिनमधलं तेल एका बाजूला सरकतं, पंपाची नळी क्षणभर हवा ओढते, आणि बेअरिंग जातात. रस्त्याच्या टायरवर ही पाळी क्वचित येते, मऊ टायरवर येते. ब्रेकही जास्त तापतात. डॉट ४ या ब्रेकच्या द्रवाचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत चालतो. म्हणून टायरची पायरी चढण्याआधी द्रव बदला. चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि दिवसभरात पुन्हा तपासा.

विकत घेताना टायरच्या बाजूवर ‘डॉट’ अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. पंक्चर काढलेला किंवा बाजूला फुगवटा आलेला टायर ट्रॅकवर अजिबात नको. नव्या मऊ टायरला पहिल्या सत्रात हळूहळू तापवा आणि मग पूर्ण एक दिवस विश्रांती द्या, रबर जास्त टिकतं. उन्हाळी आणि अर्ध-स्लिक टायर कडाक्याच्या थंडीत ताठ होतात, गोठणबिंदूखाली वापरले तर तडेही जातात, त्यामुळे तेव्हा ते वापरू नका. ठेवताना अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा.

आणि दिवस संपला की घरी निघण्याआधी हवा भरा. सत्रांमध्ये हवा सोडलेले टायर संध्याकाळपर्यंत निवल्यावर २४-२५ पीएसआयवर येतात. सामानाने भरलेल्या गाडीत, हायवेच्या वेगात, एवढ्या हवेवर बाजू सतत वाकत राहते, आणि ट्रॅकवर दिवसभर तग धरलेला टायर परतीच्या वाटेवर फुटतो. कॉम्प्रेसर डिकीत ठेवा आणि दारावरचा आकडा आता पाळा.