ज्यांचे वीरगळ उभारले गेले नाहीत

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे जिल्ह्यातल्या कित्येक गावांत देवळाच्या आवारात एखादा वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा असतो. त्याच्या खालच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, असा क्रम सहसा दिसतो. अनेक देवघरांत खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी कुळातल्या वीराचा टाकही पुजला जातो. तेव्हा पूर्वज, ओळख आणि अध्यात्म हा आजच्या कलाप्रदर्शनांचा विषय आपल्याकडे जुनाच आहे.

समकालीन चित्रकार त्यात एक अवघड प्रश्न घालतात: ज्यांचा वीरगळ कोणी उभारला नाही, त्यांच्या वंशजांनी आपले पूर्वज कोठे पाहावेत? नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी अस्पृश्य ठरवली गेलेली, गळ्यात मडके अडकवलेली, झाडू बाळगणारी माणसे आणि देवदासी आपल्या चित्रांत आणल्या. या माणसांना वर नेणाऱ्या अप्सरा तिथे नाहीत. मडक्याची आणि झाडूची ती आठवण पेशवाईतल्या पुण्याशी जोडलेली असल्यामुळे, ही चित्रे पाहताना पुणेकराला त्रयस्थ राहता येत नाही, आणि त्याने तसे राहूही नये, असे मला मनापासून वाटते.

वारली चित्रांची गोष्ट वेगळी आहे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. त्या चौकात पालघट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत विधी चालवते. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही रेषा कागदावर नेली, १९८९ मध्ये त्यांचे काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात मांडले गेले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव रास्तच आहे. पण कलादालनाच्या भिंतीवर ना लग्न असते, ना गाणे, आणि चौक काढणाऱ्या बायकांची नावे तर बहुधा कोठेच नोंदलेली नसतात.

म्हणून बालगंधर्व कलादालनात किंवा शहरातल्या अन्य दालनांत असे प्रदर्शन लागले, तर चित्राशेजारची पाटी अवश्य वाचावी. तिच्यावर केवळ आकार आणि किंमत असेल, तर हे चित्र कोणत्या विधीतून आले आणि मूळ तो विधी कोणाच्या हातचा, हे आयोजकांना आवर्जून विचारावे.