जुना मेल आयडी सोडण्याआधी

(दृश्य : मोबाइलवर सरकत जाणारी मेलची यादी. कर्ज, लॉटरी, सूट, नोकरी, पुन्हा कर्ज.)

सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिला मेल आयडी काढला. कुणी रेडिफवर, कुणी याहूवर, कुणी हॉटमेलवर. हवं ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असायचं, म्हणून पुढे जन्मसाल जोडायचं. मग तो आयडी नोकरीच्या अर्जावर गेला, बँकेच्या फॉर्मवर गेला, मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनावरही गेला. आता नको असलेल्या मेलच्या ढिगामुळे तो उघडवत नाही. "सोडून द्या तो, नवा काढा," असं घरातली तरुण मंडळी सहज सांगतात. हा सल्ला धोक्याचा आहे.

(दृश्य : जुन्या संगणकांची कृष्णधवल छायाचित्रं.)

3 मे 1978. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे 400 जणांना एकच मेल पाठवला : आमचे नवे संगणक बघायला या. पहिला स्पॅम, म्हणजे न मागता आलेला जाहिरातीचा मेल, म्हणून आज त्याच मेलकडे बोट दाखवलं जातं. 1982 मध्ये मेल पोचवण्याचे एसएमटीपी हे नियम ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं हे तपासायची सोय त्यांत नव्हती. जाळं होतं संशोधकांचं, विद्यापीठांचं. संशय घ्यायचं कारणच नव्हतं. तपासणीची व्यवस्था नंतर वरून बसवावी लागली, आणि फसवणाऱ्यांचं फावलं ते मधल्या काळात.

पण जुन्याच आयडीवर अशा मेलचा एवढा पूर का येतो? कारण तो अनेक ठिकाणांहून चोरीला गेलेला असतो. 2013 मधल्या चोरीत आपली झाडून सगळी, म्हणजे 300 कोटी खाती सापडली होती, हे याहूने 2017 मध्ये मान्य केलं. अशा याद्या विकल्या जातात, पुन्हा विकल्या जातात. एकदा यादीत गेलेला पत्ता बाहेर निघत नाही.

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत फोनकडे बघणारा वयस्क चेहरा.)

यातला सर्वांत क्रूर प्रकार धमकीचा. मेलच्या विषयातच तुमचा पासवर्ड लिहिलेला असतो. खाली मजकूर : तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं चित्रीकरण केलंय, बिटकॉइन पाठवा, नाहीतर नातेवाइकांना दाखवू. पासवर्ड खरा असल्यामुळे माणूस हादरतो. लाजेपोटी घरात बोलत नाही, आणि त्या एकटेपणावरच हा धंदा चालतो. तेव्हा नीट ऐका. तो पासवर्ड कधीतरी फुटलेल्या यादीतून उचललेला असतो आणि हाच मजकूर असंख्य लोकांना गेलेला असतो. चित्रीकरणाची गोष्ट थाप असते. पैसे पाठवू नका, उत्तर देऊ नका, घरात सांगा. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तो पासवर्ड आजही कुठे चालत असेल, तर आधी तो बदला.

(दृश्य : लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडणारे हात.)

म्हणून सुरुवात कचरा काढण्यापासून करू नये. आधी कुलूप. नवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर अजून तुमचाच आहे ना, तेही बघा. बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो.

मग कचरा. ज्या दुकानाला, ॲपला तुम्ही स्वतः पत्ता दिला होता, तिथलं मेल थांबवणारं अनसबस्क्राइब बटण खुशाल दाबा. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या कंपन्यांनी जाहिरातींना एका क्लिकची ही सोय द्यावी आणि दोन दिवसांत पाठवणं थांबवावं, असा नियम 2024 मध्ये गूगल आणि याहूने लागू केला. अनोळखी मेलमधली लिंक मात्र दाबू नका, अनसबस्क्राइबचीसुद्धा. हा पत्ता जिवंत आहे, एवढीच खबर तिथे पोचते. तिथे 'स्पॅम' हेच बटण. चित्रं आपोआप उघडणंही बंद करा, कारण न दिसणारं एखादं चित्र तुम्ही मेल उघडल्याची चुगली करतं. आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर चाळा. खरे मेल तिथे जाऊन पडतात, आणि जीमेल तिथला प्रत्येक मेल 30 दिवसांनी पुसून टाकतं.

(दृश्य : विम्याचे, म्युच्युअल फंडाचे, प्राप्तिकराचे कागद टेबलावर.)

आता मूळ प्रश्न. आयडी सोडायचा का? 'पासवर्ड विसरलात?' या बटणाचं उत्तर अजून त्याच पत्त्यावर येतं. डिमॅट, पीएफ, प्राप्तिकराचं पोर्टल, म्युच्युअल फंडाचं जुनं खातं. 2013 मध्ये याहूने वर्षभर न उघडलेले आयडी नव्या लोकांना द्यायला घेतले होते. म्हणजे तुमचा पत्ता, आणि त्यावर येणारी ही उत्तरंही, दुसऱ्याच्या हाती. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागलं आहे.

बदलायचाच असेल तर आधी पैशाशी संबंधित सगळीकडे नवा पत्ता नोंदवा. त्यानंतरही जुना आयडी निदान वर्षभर चालू ठेवा, अधूनमधून उघडा. विम्याच्या हप्त्याची आठवण, फॉर्म 16, लाभांशाची सूचना असे मेल बऱ्याचदा वर्षातून एकदाच येतात. ते कुठल्या पत्त्यावर येताहेत, हे वर्ष फिरल्याशिवाय कळत नाही.