तापानंतरचा थकवा आणि "घाम काढा" हा सल्ला: धावणाऱ्यांसाठी, गड चढणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी!

पावसाळा सरत आला की आमच्या कमेंट्समध्ये एकाच प्रश्नाची रांग लागते. डेंग्यू झाला, चिकुनगुन्या झाला, कुणाला नुसता फ्लू झाला. ताप जाऊन महिना उलटला, प्लेटलेट्स वर आल्या, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि तरी दोन जिने चढले की खाली बसावंसं वाटतं. विचारणारे बहुतेक जण चांगले व्यायाम करणारे आहेत. कुणी जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव घातलंय, कुणी दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतं, कुणी पहाटे सायकल काढून बोपदेव घाट करतं. आणि प्रश्नाचा शेवट ठरलेला: "प्रॅक्टिस कधी सुरू करू?"

सोपं आहे ते भराभर उरकू. अंगात ताप असताना व्यायाम नाही. ताप आणि बाकीची लक्षणं गेल्यावरही निदान आठवडाभर साध्या चालण्यापलीकडे काही नाही. झोप आठ-नऊ तास. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही. अंडी, मासे, पनीर, सोयाबीन, यांतलं काहीतरी रोज ताटात लागतं. झालं. पुढे.

पुढे म्हणजे हृदय, कारण इथे चालढकल चालत नाही. छातीत दुखणं, विनाकारण धडधड, आडवं झाल्यावर दम लागणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही असेल तर व्हिडिओ इथेच थांबवा आणि आजच डॉक्टरकडे जा. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात. ईसीजी, ट्रोपोनिन ही रक्ताची चाचणी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरून डॉक्टरांना अंदाज येतो. सूज निघाली तर तीन ते सहा महिने दमवणारा व्यायाम पूर्ण बंद, आणि परत सुरू करायचा तोही हृदयरोगतज्ज्ञाने सांगितल्यावर.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय ती गोष्ट.

समजा, रविवारी सकाळी तुम्ही तीन किलोमीटर हळू पळालात. पळताना मजा आली. आंघोळ झाली, पोहे झाले, दुपारीही ठीक. सोमवारी ऑफिसला गेलात. सोमवारी संध्याकाळी घसा खवखवायला लागला. मंगळवारी सकाळी अंग इतकं जड की गादीवरून उठून बसायला हाताचा आधार घ्यावा लागला, आणि मेलमधलं एक वाक्य तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. तुम्ही म्हणालात, पुन्हा व्हायरल झालं वाटतं. रविवारचं पळणं तुमच्या मनातही आलं नाही, कारण मधे दीड दिवस गेला होता.

श्रम आज, त्रास 12 ते 48 तासांनी, कधीकधी 72 तासांनीही. आणि आला की दिवसच्या दिवस, काही वेळा आठवडे राहतो. डॉक्टरी नाव पोस्ट-एक्झर्शनल मलेझ. तुम्ही कमेंट्समध्ये "क्रॅश" लिहिता, तेच आपण वापरू. याचा अर्थ एवढाच की आजचा व्यायाम झेपला की नाही, हे आज कळत नाही. परवा कळतं. पळून आल्यावर "मस्त वाटलं" असं ॲपमध्ये लिहून टाकता ना, त्या नोंदीचा इथे काही उपयोग नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघा. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कमेंट आहे: "सगळं मनाचे खेळ. रोज थोडा थोडा घाम काढा, पंधरा दिवसांत शरीराला सवय होते." ज्याचे स्नायू नुसते पडून राहून सुटलेत, त्याला हा सल्ला लागू पडतो. त्याला व्यायामानंतर मांड्या-पोटऱ्या दुखतात, रात्री झोप चांगली लागते, आणि तोच व्यायाम पुढच्या आठवड्यात सोपा जातो. क्रॅशवाल्या माणसाचं उलटं होतं. त्याला सगळं अंग आजारी वाटतं, घसा, डोकं, गाठी दुखतात, दमूनही झोप लागत नाही किंवा नऊ तास झोपूनही ताजंतवानं वाटत नाही, आणि तोच व्यायाम पुढच्या आठवड्यात जास्त जड जातो. या दुसऱ्या माणसाला "घाम काढ" म्हणणं म्हणजे त्याचं आजारपण लांबवणं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठी, ठरल्या प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. कृपा करून ती कमेंट कुणाला फॉरवर्ड करू नका.

तिसरी बाजू. मनाचे खेळ म्हणणाऱ्यांसाठी ही खास. 2024 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविड (कोविडनंतर महिनोन्‌महिने राहणारा त्रास) असलेल्या, क्रॅश येणाऱ्या लोकांना सायकल चालवायला लावली आणि व्यायामाच्या आधी व नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले. व्यायामानंतर स्नायूंमधली इजा वाढलेली दिसली, पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता कमी झालेली दिसली. आणि हे फक्त कोविडपुरतं नाही. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावात तीन वेगवेगळ्या जंतूंच्या आजारानंतर 253 लोकांवर लक्ष ठेवलं गेलं, अभ्यास 2006 साली छापून आला. सहा महिन्यांनी साधारण 12 टक्के लोक अजूनही थकव्याने बेजार होते. त्या तीन जंतूंपैकी एक होता रॉस रिव्हर विषाणू, आपल्या चिकुनगुन्याच्या कुळातला. कुणाचा थकवा टिकणार हे माणसाच्या स्वभावावरून नव्हे, तर सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावरून जास्त ठरत होतं. आळशी माणूस मागे राहतो, हा समज तिथेच संपायला हवा होता.

याच अभ्यासातून दिलासाही घ्या: बहुतेकांचा थकवा महिने जातात तसा ओसरतो. त्या काळात सारखे क्रॅश येऊ द्यायचे नाहीत, एवढं सांभाळायचंय.

[पडद्यावर: डायरीचं पान]

ते कसं? एक साधी वही घ्या. चार रकाने: सकाळचे हृदयाचे ठोके (मिनिटाला किती), आज काय केलं, आज कसं वाटलं, आणि परवा कसं वाटलं. चौथा रकाना दोन दिवसांनी भरायचा. ठोके सकाळी डोळे उघडल्यावर, उठायच्या आधी, फोन हातात घ्यायच्याही आधी मोजा. नेहमीपेक्षा दहाने जास्त आले तर तो दिवस विश्रांतीचा.

"काय केलं" मध्ये फक्त व्यायाम लिहू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. पळणं बंद केलं, तरी क्रॅश का येतो? कारण दिवाळीच्या आधी तीन तास गॅससमोर उभं राहून चकल्या तळल्या. कारण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास क्लच दाबला. कारण सलग चार मीटिंग झाल्या. शरीर आणि मेंदू एकाच खात्यातून खर्च करतात. चकल्या खाली बसून पाडा, तळायचं काम दुसऱ्यावर सोपवा. भाजी स्टुलावर बसून चिरा. आंघोळ बसून करा, पाणी कोमट घ्या, कारण कढत पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते.

दोन आठवडे अशी नोंद झाली की तुमची पातळी दिसते. वीस मिनिटं चालल्यावर परवा क्रॅश येत असेल तर दहा मिनिटांवर या, तीही पाच-पाच अशी सकाळ-संध्याकाळ. दोन आठवडे तेवढंच. एकही क्रॅश नाही आला, आणि तुम्हाला स्वतःला वाढवावंसं वाटलं, तर दोन मिनिटं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट: ज्या आठवड्यात चालणं वाढवलं, त्या आठवड्यात ऑफिसला जायचे दिवस वाढवायचे नाहीत. क्रॅश आला तर मागच्या पातळीच्याही खाली उतरा आणि पूर्ण सावरेपर्यंत तिथेच थांबा.

बरं वाटणारा दिवस सगळ्यात धोक्याचा असतो. खेळाडूचा स्वभावच असा की आज अंगात दम आहे तर राहिलेलं सगळं आजच उरकू. त्या दिवशीही वहीत ठरलेलंच करा, आणि जमत असतानाच थांबा. दम लागेपर्यंत वाट बघितलीत तर उशीर झालेला असतो. परवा कळतं, हे पुन्हा सांगतो.

घड्याळावर ठोके दिसत असतील तर त्याचा उपयोग करता येतो. सात दिवसांच्या सकाळच्या ठोक्यांची सरासरी काढा, त्यात 15 मिळवा. सरासरी 56 असेल तर 71. त्यावर गेलात की बसायचं. मॅरेथॉन पळणाऱ्याला हा आकडा अपमान वाटेल, कारण नुसतं खोलीभर चाललं तरी तो ओलांडला जातो. पण ज्यांना वारंवार क्रॅश येतात त्यांच्यासाठी हा "आता टेका" असं सांगणारा इशारा आहे. तो दिवसभर शून्य वेळा ओलांडायचा असं नाही; ओलांडून तसंच तासभर काम रेटायचं नाही. बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशोब लागू होत नाही.

उभं राहिलं की धडधडतं, बसलं की थांबतं, असं अनेक जण लिहितात. त्यांनी डॉक्टरकडे जायच्या आधी एक चाचणी करावी. घरातलं कुणीतरी जवळ हवं. दहा मिनिटं आडवं पडा, ठोके आणि रक्तदाब लिहा. मग उभे राहा, टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे, पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. दर मिनिटाला नोंद, दहा मिनिटं. चक्कर वाटली तर लगेच आडवं व्हा, चाचणी तिथेच संपली. रक्तदाब न पडता ठोके 30 किंवा जास्त वाढून तसेच राहत असतील (19 वर्षांपर्यंतच्या मुलांत 40), तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. ॲनिमिया आणि शरीरातलं पाणी कमी होणं यानेही ठोके असेच वाढतात, त्यामुळे निदान त्यांच्यावर सोडा. मीठ वाढवायचा सल्ला यात कधी देतात, पण तो रक्तदाब बघून डॉक्टरांनी द्यायचा.

आता सलाईन. "विकनेस आहे, एक बाटली चढवून घेतो." तोंडाने पाणी पिता येणाऱ्या माणसाला त्या बाटलीतून मीठ-पाणी आणि फार तर थोडी साखर मिळते. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात घोळून घेतलं तर तेच काम होतं. त्याहून त्रासदायक म्हणजे "ताकदीचं इंजेक्शन". त्यात बहुधा बी-12 असतं. इंजेक्शन घेऊन मग तपासणी केली की बी-12 भरपूर दिसतं, आणि खरी कमतरता झाकली जाते. मांसाहार न करणाऱ्यांमध्ये ही कमतरता आपल्याकडे खूप आहे. म्हणून आधी रक्त द्या, मग सुई.

रक्तात काय बघायचं: सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, डी जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड), एचबीए1सी (साखर), यकृत आणि मूत्रपिंड, सोबत सीआरपी (सूज दाखवणारी चाचणी). सीआरपी अशासाठी की शरीरात सूज असताना फेरिटिन फुगलेलं दिसतं. लोह कमी असूनही आकडा नॉर्मल येऊ शकतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, दोन आठवड्यांवर खोकला, असं असेल तर टीबीची तपासणी मागून घ्या, थकव्यावर ढकलू नका.

आणि शेवटी मॅरेथॉन. क्रॅश येत असतील तर यंदा पळू नका; "नुसतं चालत पूर्ण करतो" हेही नको, 42 किलोमीटर चालणं म्हणजे सात-आठ तास पायांवर. क्रॅश कधीच आले नसतील, फक्त दम कमी झाला असेल, तर दोन आठवडे गप्पा मारता येतील इतक्या हळू चालण्याने सुरुवात करा, मग चालणं-पळणं आलटून पालटून, आणि वेग सगळ्यात शेवटी.

डॉक्टरकडे जाताना ती वही न्या. पहिल्या पानावर तीन ओळी लिहा: कोणता ताप, कोणत्या तारखेला; आधी आठवड्याला किती पळायचो, आता किती; आणि श्रमानंतर किती तासांनी त्रास सुरू होतो. तिसरी ओळ वाचूनही कुणी "रोज चालत जा" एवढंच म्हणालं, तर दुसऱ्या फिजिशियनचं मत घ्या.