रिकामी वाटी परत जात नाही

(चर्चच्या सुगीच्या सणाला कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि दाराशी उभी असलेली पोरं, सगळ्यांना सलाम.

मघाशी सणाला वाहिलेल्या भाजीपाल्याच्या लिलावात दोडक्याला जो भाव आला, तो मार्केट यार्डात कधी येणार नाही. तो मीच घेतलाय, त्यामुळं तक्रार नाही.

अडचणीच्या काळातल्या दानावर बोलायचं म्हटलं की आपण लगेच मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातल्या विधवेला उभं करतो. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणारी. पण तिची गोष्ट सांगून दानपेटी फिरवणाऱ्यानं दोन ओळी मागं जाऊन वाचावं. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू नुकताच बोललाय, आणि पाठोपाठ ही बाई येते. होतं नव्हतं ते सगळं टाकते. येशू तिची थोरवी सांगतो, पण अशांकडून वसूल करा, असं कुठं म्हणतो? ज्याची चूल पेटलेली नाही त्याला दशांशाची, म्हणजे मिळकतीतला दहावा हिस्सा देण्याची, आठवण करून देणं मला तरी पटत नाही.

पैशाच्या बाबतीत मला प्रेषित पौल जवळचा वाटतो. माणूस हिशेबी. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या ख्रिस्ती मंडळ्या स्वतःच हलाखीत, तरी 'आम्हालाही वाटा उचलू द्या' म्हणून त्याच्या मागं लागल्या. हे तो करिंथच्या मंडळीला पत्रातून मुद्दाम सांगतो, जरा डिवचायला. पण लगेच सांभाळूनही घेतो. दुसऱ्याला आराम आणि तुमच्या डोक्यावर ओझं, असं नको. आज तुमच्याकडं जास्त आहे ते त्यांच्या उपयोगी पडू दे, उद्या त्यांच्याकडचं तुमच्या. शब्द वापरतो, 'समानता'.

आमच्या आईनं यावर कधी प्रवचन केलं नाही. शेजारून वाटीभर काही आलं की ती वाटी रिकामी परत जायची नाही, एवढंच. घरात काही नसलं तर परड्यातल्या कढीपत्त्याची चार पानं ठेवायची. ती पानं घेताना समोरची बाईही कधी 'कशाला?' म्हणाली नाही.

2019 च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. हायवे बंद, चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. एका शाळेत पूरग्रस्त उतरले होते, तिथं आम्ही पीठ, डाळ घेऊन गेलो. भाकरी थापायला हात कमी पडत होते. घर पाण्यात गेलेली एक मावशी उठली, म्हणाली, 'बसून खायाला लाज वाटतीया, परात आणा हिकडं.' आमच्यातल्या एकानं तिला 'तुम्ही आराम करा' म्हणून बसवायला बघितलं. चांगल्या मनानंच. पण तिचं तोंड उतरलं ते मी बघितलं. शेवटी परात तिच्याकडं गेली, आणि द्यायला गेलेले आम्ही तिच्या हातचं खाऊन आलो. मासेदोनियाचा तो उतारा मला त्या दिवशी नीट कळला.

उलट, बाहेरून आलेल्या गाड्यांतून जुन्या कपड्यांची गाठोडी उतरत होती. जरीच्या विटक्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट. माळ्यावरची अडगळ खाली काढणं हे दान नव्हे. चिखलानं भरलेल्या घराला खराटा लागतो, फिनेल लागतं, कोरडं अंथरूण लागतं. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

आणखी एक. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियात येऊन सांगतो की मोठा दुष्काळ पडणार. तो पुढं रोमन बादशहा क्लौद्याच्या काळात पडला. पण मंडळीनं ऐकल्याबरोबर, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं, यहूदीयातल्या बांधवांना मदत पाठवायचं ठरवलं. आपल्याला तर अगबाचीही गरज नाही. बंधाऱ्यावरची पट्टी आहे. 39 फुटांना इशारा पातळी येते. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हाही आपण वर्गणीची वही पूर आल्यावरच काढली.

म्हणून खजिनदारांना विनंती आहे, आजच्या लिलावातला काही भाग वेगळ्या खात्यात टाका. दोडक्याचे पैसे त्यात धरा. आणि खर्च करायची वेळ आली की कमिटीच्या बैठकीला पुरात सापडणाऱ्या चिखली-आंबेवाडीकडची दोन माणसं बोलवा, काय आणायचं ते त्यांनाच विचारू.