गल्लीतला कला महोत्सव आणि गल्लीतली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी जवळ आला की दक्षिण मुंबईत काळा घोडा कला महोत्सवाची चाहूल लागते. १९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव नऊ दिवस चालतो आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाजूच्या ज्या रस्त्यावर एरवी गाड्या लावलेल्या असतात, तिथे या दिवसांत माणसं निवांत फिरतात. ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला गेला. आज तो राणीच्या बागेत आहे. बिनस्वाराचा नवा घोडा आला तो थेट २०१७ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत लोकांनी नाव मात्र सोडलं नाही.

या गर्दीत मला सगळ्यात जास्त ओढ असते ती कारागिरांच्या स्टॉलची. वारली चित्रं काढणारा एखादा कलाकार गेरू रंगाच्या कापडावर पांढऱ्या रेषेने तारपा नाचाचं वर्तुळ काढत बसलेला असतो. आधी तारपा वाजवणारा, मग हातात हात गुंफलेली माणसं. गिऱ्हाईक भाव विचारतं, तो मान वर न करता सांगतो, कारण रेषा मोडलेली चालत नाही. मग शेजारच्या स्टॉलवाल्याशी बोलता बोलता रंग कुठून आणतोस, कापड कुणाकडून घेतोस, ही चौकशी होते. धंद्याच्या ओळखी अशा होतात. त्यासाठी हॉटेलातली परिषद लागत नाही.

अशा वेळी रात्री नऊ वाजताही बाया-मुली बिनधास्त फिरताना दिसतात. पोलीस असतातच, पण तेवढंच कारण नाही. स्टॉल उघडे असतात, दिवे चालू असतात आणि प्रत्येक दहा पावलांवर आपल्या जागेवर बसलेलं माणूस असतं. रस्ता सुरक्षित होतो तो तिथे रोज असणाऱ्या माणसांमुळे, असं माझं ठाम मत आहे. आणि म्हणूनच कार्यक्रमाच्या आधी 'रस्ता मोकळा करा' म्हणून फेरीवाल्यांना हुसकावून लावतात, तेव्हा मला राग येतो. रोज डोळ्यांत तेल घालून जागेवर असणाऱ्यालाच आपण उठवतो.

भिवंडीचं उदाहरण घ्या. १९७० आणि १९८४ साली या यंत्रमागांच्या गावाने भीषण दंगली पाहिल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, पोलिसांसोबत नियमित बसू लागली. तंटा झाल्यावर नव्हे, तर काहीही घडलेलं नसताना. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. एकाचं सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याचा टेम्पो, असं जिथे पोट एकमेकांवर चालतं, तिथे एकमेकांना ओळखण्याची गरजही असतेच. त्या बैठकांनी ओळखीला जागा करून दिली.

आता तुमच्या नगरात असा कार्यक्रम करायचा असेल तर काय? भिंती रंगवा, पथनाट्य करा, बचत गटांचे स्टॉल लावा. पण नकाशा काढताना सगळ्यात आधी अग्निशमन दलाची गाडी कुठून येणार आणि माणसं कुठून बाहेर पडणार, ते ठरवा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसात गर्दी अडकली आणि २३ जणांचे जीव गेले. म्हणून यायची वाट वेगळी, जायची वेगळी. शेगडीचा स्टॉल मंडपाच्या कनातीला टेकून लावू नका. ११२ हा आपत्कालीन क्रमांक ठळक अक्षरांत, मराठी-हिंदीत लिहून जागोजागी लावा.

आणि एक टेबल फक्त कागदपत्रांसाठी ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंद, ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही, तरी दलाल त्याचे पैसे उकळतात. शेजारी बसून कुणी मोबाइलवर ती करून दिली, तर लोणची-पापड करणाऱ्या ताईंचं मोठं काम होतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. हे किती भाजीवाल्यांना कुणी सांगितलंय? त्या टेबलावर सांगा.

गणपतीच्या तयारीला मंडळं बसतात, तेव्हाच ही बोलणी सुरू करता येतील. कार्यकर्ते, दुकानदार, चित्रकार आणि बीटचे हवालदार, सगळ्यांना एकत्र बोलवा. नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विसरू नका. फक्त बैठक दुपारची ठेवा. संध्याकाळी त्यांच्या धंद्याची वेळ असते.

नमस्कार.